उन्हात ठेवलेला सेल

गोजराबाईंनी पदराची गाठ सोडली आणि आतला सेल काउंटरवर ठेवला. निळं वेष्टन आक्रसून फाटलं होतं, एका टोकाशी ओल आली होती.

पिरंगुटच्या या दुकानात कारखान्यांचे रखवालदार झोताच्या बॅटऱ्या घ्यायला येतात, त्यामुळं किशोरला असले सेल नवे नव्हते. तरी त्यानं हात मागं घेतला.

"आजी, हा पदरात बांधून आणलात? काय केलंत याला?"

"उतरला व्हता. पत्र्यावर उन्हात ठिवला दोन दिस. रेडिओचं ठेवायचो तसा."

"ते सेल वेगळे. हा लिथियमचा, चार्ज करायचा. उन्हात घातला तर पेट घेतो! नशीब थोर तुमचं."

"थोर असतं तर चार सांजा मुक्या गेल्या असत्या व्हय?"

त्यांचं सासर धरणाच्या अल्याड, माहेर पल्याड. पल्याड थोरला भाऊ कुशाबा एकटा. कानांनी दगा दिल्यापासून त्याचा फोन तांदळाच्या डब्यात पडलेला. मग गोजराबाईंच्या इंद्रजितनं एकसारख्या दोन दांडग्या बॅटऱ्या आणल्या, एक आईला, एक मामाला. दिवेलागणीला गोजराबाई बॅटरीची तीनदा उघडझाप करत. पल्याडून तीन उत्तरं येत. मी हाय. तू हायेस ना? एवढंच बोलणं. चार दिवस भाऊ विचारत होता आणि बहीण ओट्यावर नुसती उभी होती.

मधी पसरलं पानी, न्हाई होडी न्हाई वाट
भावाच्या दिव्यानं गं, माझा उजळला काठ

किशोरनं दोन सेल पुढं ठेवले. एकावर मोठ्ठ्या आकड्यात ९९००, दुसऱ्यावर ३४००.

"ह्यो मोठ्या आकड्याचा दे. लांब जाईल उजेड."

"आकडा वाचू नका आजी. उचलून बघा."

त्यांनी दोन तळव्यांवर दोन सेल तोलले. साठ वर्षं भात पाखडलेले तळवे ते. ९९०० वाला डावा हात आपोआप वर गेला.

"अगं बया! पोचट हाय की ह्यो. वरनं टरफल, आत दाना न्हाई."

किशोर हसला. "या मापाच्या सेलात एवढी वीज मावतच नाही. ३४०० वाला खरा. आत संरक्षणाची चकती आहे, फार उतरला किंवा टोकं जुळली तर आपणहून बंद होतो. याच्याच चार्जरवर लावा, भरला की काढा. आणि पदरात नाही, या डबीत. किल्ल्या, अडकित्त्याशी ठेवू नका."

"दोन दे, चार्जरबी दोन. एक माज्या भावाला. त्योबी उन्हातच घालनार."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"बा कौलावर सेल वाळत घालायचा, तवा कावळं हाकायला आमी दोगंच बसायचो. दुसरं कोन शिकवनार त्याला?"

संध्याकाळी ओट्यावरून तीनदा उजेड गेला. पाणी ओलांडून, भरपूर, पांढराशुभ्र. पल्याड काहीच हललं नाही.  मग उत्तर आलं: एक. दोन. तिसरा उजेड मात्र विझेना. भावानं तसाच धरून ठेवला होता, चार दिवसांचं सगळं एकदम सांगावं तसा.

"बंद कर की येड्या, उतरल त्यो," गोजराबाई पाण्याला म्हणाल्या. त्यांचंही बोट खटक्यावरून उठत नव्हतं.

पल्याडचा उजेड मंद झाला, बारीक झाला, काजव्याएवढा उरला. मग तोही गेला.

उतरला. आता सकाळी उन्हं कौलावर आली की कुशाबा सेल वाळत घालणार.

कुशाबाच्या शेजारच्या घरी फोन करून सांगता आलं असतं. नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेला होता. गोजराबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, आणि पिशवीत नवं लुगडं घातलं, वर सेलाची डबी आणि चार्जर. गुडघे दुखायला लागल्यापासून तीन वर्षं त्या पल्याड गेल्या नव्हत्या. धरणाला वळसा घालून जाणारी पहिली एसटी उजाडायच्या आत सुटते.

उन्हाच्या आधी पोचायला हवं होतं.