कुलपामागचा काना

मी एक जुना टीव्ही आहे आणि मित्रांनो, मी तुमच्याशी पिंजऱ्यातून बोलतो आहे. पोपटाने पिंजऱ्यात बसावे हे आपण ऐकलेले असते. पण मला ना पंख, ना पाय! मी पळून जाणार तरी कुठे?

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा माझी काच पुसणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "हा मोठ्या घरी जाणार बघा." मी आलो एका लहानशा सलूनमध्ये. तरी मला वाईट वाटले नाही, कारण सलूनचे मालक फार प्रेमळ होते. सारी गल्ली त्यांना मामा म्हणायची. त्यांनी मला खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, उंचावर बसवले. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला मी समोरच्या आरशात दिसायचो. त्यामुळे माझ्यावरची अक्षरे त्यांना उलटी दिसत. मग वस्तरा चालवता चालवता मामाच बातम्या वाचून दाखवत. माझे केवढे कौतुक व्हायचे तेव्हा! नंबर नसला तरी लोक बाकावर येऊन बसायचे.

एकदा शेजारच्या दुकानातला टीव्ही चोरीला गेला आणि मामांनी धसकाच घेतला. वेल्डिंगवाल्याला बोलावून त्यांनी माझ्याभोवती गज ठोकून घेतले. पुढे भले मोठे कुलूप लावले. ते नेमके माझ्या डाव्या कोपऱ्यावर लोंबू लागले. तिथे खाली बातम्यांची पट्टी यायची. प्रत्येक ओळीचे सुरुवातीचे शब्द कुलपामागे जायचे. मामा मात्र हुशार. झाकलेले शब्द ते अंदाजाने जुळवून वाचत. कधी चुकायचे, मग सलूनभर हशा पिकायचा. मीही मनातल्या मनात हसायचो.

पुढे कुलपाची किल्ली हरवली. रिमोट दाढीच्या गरम पाण्यात पडला आणि गेला. माझी बटणे तर गजांच्या आत. दिवे, पंखा आणि मी एकाच बटणावर. म्हणजे दुकान उघडले की मी सुरू आणि रिमोट गेला त्या दिवशी लागले होते तेच चॅनेल कायमचे. ते होते शेअर बाजाराचे. सकाळपासून तेच हिरवे आणि लाल आकडे! मला वीट आला होता, पण तोंड दुसऱ्याचे, आवाज दुसऱ्याचा. मी करणार काय?

मामांना मात्र त्याची गोडी लागली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका रोज दाढीला येत. शेअरच्या टिपा द्यायचे, म्हणून सगळे त्यांना टिपकाका म्हणत. ते मामांना म्हणाले, "चांगल्या कंपन्यांचे शेअर दर महिन्याला थोडे थोडे घेत जा. आणि घेतलेत की विसरून जा."

मामांनी पहिले ऐकले. दुसरे कसे ऐकणार? मी दिवसभर डोळ्यांसमोर!

त्यांचे एक स्वप्न होते. दुकानाचा गाळा भाड्याचा होता, तो त्यांना स्वतःचा करायचा होता. गाळ्याच्या म्हाताऱ्या मालकांनी शब्द दिला होता, "पुढच्या वर्षी तुम्हालाच देईन." मामा-मामींची सारी बचत त्यासाठीच होती.

मग निवडणूक आली. मतमोजणीच्या आधी माझ्यावर निकालाचे अंदाज सुरू झाले आणि नुसत्या अंदाजावर बाजार वर चढला. मामा खूश! गिऱ्हाइकांना फुकट मालिश करून देऊ लागले.

मतमोजणीचा दिवस उजाडला. सुरुवातीचे आकडे अंदाजाच्या उलट येऊ लागले. आता कोणाचे सरकार, कसले कर, कसले नियम, कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक नसले की बाजार बिथरतो. माझ्या अंगावर सगळे लालच लाल झाले. पट्टीवर मोठ्या अक्षरात आले, 'सुरुवातीचे कल'. पहिला शब्द कुलपामागे गेला. उरले फक्त 'कल'.

मामांनी सवयीने कुलपामागचे जुळवले. "निकाल! निकाल लागला!" ते ओरडले.

मित्रांनो, 'निकाल'मधला काना कुठे गेला, हे कोणी विचारलेच नाही. मी गजांआडून सारखा 'कल, कल' दाखवत होतो.

खुर्चीत टिपकाकाच होते, पण त्यांच्या तोंडभर साबणाचा फेस आणि आरशात अक्षरे उलटी. ते हात हलवून थांबा, थांबा म्हणत होते. मामांना वाटले, टॉवेल हवा आहे. तेवढ्यात डबा घेऊन मामी आल्या.

"अहो, काकांची दाढी अर्धी राहिलीय!"

"अगं, दाढीचं काय घेऊन बसलीस? सगळं बुडतंय!"

"पण गाळा तर पुढच्या वर्षी घ्यायचाय ना? मग आज कशाला विकताय?"

मामांनी ऐकले नाही. अंगठ्याचा फेस ॲप्रनला पुसला आणि मोबाईलवर सगळे शेअर विकून टाकले. मला ओरडावेसे वाटले. माझ्यातून आवाज आला तो जाहिरातीचा.

शेवटी सरकार कोणाचे आले, त्याला या गोष्टीत महत्त्व नाही. काही आठवड्यांतच बाजार निवडणूक विसरला आणि पुन्हा कंपन्यांचा धंदा बघू लागला. मामांनी विकलेले तेच शेअर आधीपेक्षाही वर गेले. ते सगळे मी मामांना रोज दाखवत राहिलो. त्यांनी पाठ फिरवली तरी समोरच्या आरशात मी होतोच. त्यांनाही माझ्यापासून सुटका नव्हती.

गाळ्यासाठी पैसे कमी पडले. म्हाताऱ्या मालकांनी बरीच वाट पाहिली, मग गाळा शेजारच्या औषधवाल्यांना दिला.

सामान हलवायच्या दिवशी मामींनी माझ्याकडे बोट दाखवले. "याला इथेच राहू द्या. यानेच घात केला."

मामांनी स्टूलवर चढून कुलूप हाताने बाजूला सरकवले. प्रथमच त्यांनी माझी पट्टी पहिल्या अक्षरापासून वाचली, 'बाजाराचा कल'. मग त्यांना तो दिवस आठवला. "नाही गं," ते म्हणाले, "हा बिचारा 'कल'च म्हणत होता. 'निकाल' मी म्हणालो." कुलूप त्यांनी हळूच सोडले. ते पुन्हा माझ्या कोपऱ्यावर आले.

पिंजरा भिंतीत पक्का आहे, म्हणून भिंतीबरोबर मीही औषधवाल्यांचा झालो. काल ते त्यांच्या मुलीला सांगत होते, "निवडणुका जवळ आल्यात. आता आपणही शेअरमध्ये लक्ष घालू या." आणि दोघेही मान वर करून माझ्याकडे पाहू लागले. कुलूप अजून तिथेच लोंबते आहे.

मित्रांनो, मला बोलता येत नाही, तुम्हाला येते. एवढे त्यांना सांगाल का? आधी ते कुलूप काढा. आणि मी कल दाखवत असेन, तेव्हा आपल्या बचतीचा निकाल लावू नका.