कान ठीक?

एकोणीस वर्षं मी आमच्या डायव्हिंग क्लबबरोबर आरन बेटावर जाते आहे आणि एकोणीस वर्षांत माझे गुडघ्याच्या वरचे कपडे कधी भिजलेले नाहीत. पावसाचं सोडा, तो धरत नाही मी.

माझं काम धक्क्यावर उभं राहायचं. हातात पॅड, पेन्सिल, शेजारी सुपाचं पातेलं. कोण किती वाजता पाण्यात गेलं, किती वाजता वर आलं, हे लिहायचं. आणि जाण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, "कान ठीक?" सर्दी असेल तर खाली कानांवर दाब येतो, पडदासुद्धा फाटतो. म्हणून चोंदलेल्या नाकाने बुडी मारायची नाही, हा क्लबचा नियम. माझा नवरा तॅम दरवेळी म्हणतो, "ठणठणीत!" आणि मी खूण करते. बऱ्याचदा तो धडधडीत खोटं बोलत असतो. मला ठाऊक असतं. रात्रभर त्याच्याशेजारी मीच झोपलेली असते ना!

या शनिवारी मात्र मी ठरवूनच आले होते. गाडीत सुपाच्या पातेल्याखाली माझी एक पिशवी होती. फेरीबोटीवर चढायच्या आधी तॅमने ती हलवून बघितली.

"अगं इशबेल, काय भरलंयस यात?"

"कोरसच्या गाण्यांची पुस्तकं."

"एवढी जड?"

"भजनं आहेत. जडच असतात."

दोन हिवाळे हा माणूस समजत होता की मी दर मंगळवारी गायला जाते. मी जात होते किलमारनॉकच्या पोहण्याच्या तलावात, दुसऱ्या क्लबकडे शिकायला. एकसष्टाव्या वर्षी, पोरासोरांच्या रांगेत. परीक्षा दिली, खाडीत पाच बुड्या मारल्या, परवान्याचं कार्ड मिळवलं. घरी एका शब्दानं बोलले नाही. बोलले असते तर यानं मला समजावलं असतं, आणि समजावून घ्यायचा मला आता कंटाळा आलाय.

धक्क्यावर सगळे सूट चढवून तयार झाले. तॅमची जोडी मर्डोबरोबर होती. मर्डो आमचा डायव्हिंग प्रमुख, नियमांचा पक्का. मी पॅड घेऊन तॅमसमोर उभी राहिले.

"कान ठीक?"

"ठणठणीत!" नाकातून आवाज नुसता घुमत होता.

"नाक धर. फुंकून दाखव."

"काय?"

"सगळ्यांसमोर फुंक, तॅम."

त्यानं नाक चिमटीत धरलं आणि फुंकलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, चेहरा लालबुंद झाला. कान काही उघडले नाहीत. मी त्याच्या नावावर काट मारली आणि खाली लिहिलं, 'इशबेल'.

"ही काय थट्टा लावलीयस?" तॅम म्हणाला.

मी पिशवी उघडली. सूट काढला, वजनासाठी कमरेला बांधायचे शिशाचे पट्टे काढले, कार्ड काढून मर्डोच्या हातावर ठेवलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"कार्ड खरं आहे," तो म्हणाला. "पण इशबेल, पाणी नऊ अंश आहे आज."

"एकोणीस वर्षं काकडून वर येणाऱ्या तुम्हा सगळ्यांच्या नरड्यात गरम सूप मीच ओतलंय ना? मला सांगतोस नऊ अंश!"

"आणि पॅड कोण धरणार?"

मी पॅड तॅमच्या हातात कोंबलं. "याला लिहितावाचता येतं."

तॅम हळू आवाजात म्हणाला, "अगं, खाली काही नसतं गं. काळोख आणि दगड. उगीच हट्ट करू नकोस."

हे वाक्य मी एकोणीस वर्षं ऐकलंय. पबमध्ये मित्रांना मात्र हाच तासभर रंगवून रंगवून सांगतो!

"मग तेच दगड बघून येते," मी म्हटलं.

तॅमसाठी आणलेली हवेची टाकी मी पाठीवर चढवली, मर्डोनं माझी सगळी सामग्री तपासली, मी त्याची तपासली, आणि आम्ही उतरलो. चौदा मीटरवर एक उभा खडक आहे. काळोख कसला, टॉर्च टाकला तर तो पांढऱ्या-नारिंगी फुलांसारख्या जिवांनी खचाखच भरलेला. एक मोठी शिंपली टाळ्या वाजवल्यासारखी फडफडत माझ्या नाकासमोरून पळाली. मला हसू आलं, डोळ्यांवरच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. आणि मग असा संताप आला म्हणून सांगू! एवढं सगळं माझ्यापासून दोनशे पावलांवर होतं, आणि मी वर गाजरं ढवळत होते.

वर आले तेव्हा तॅम गुडघाभर पाण्यात उभा होता, बूटमोज्यांसकट. चेहरा पांढराफटक.

"अडतीस मिनिटं!" तो ओरडला. "पस्तीस सांगून गेलात! अडतीस!"

सूप तळाला लागून करपलं होतं. पॅडवर आत जायची वेळ लिहायची, बाहेर यायची लिहायची, बस्स. यानं दर दोन मिनिटांनी वेळ लिहून ठेवली होती. अख्खा कागद भरला होता, शेवटची अक्षरं वेडीवाकडी.

"तू एकदा सत्तावीस मिनिटं उशिरा आला होतास," मी म्हटलं. "दोर अडकला होता तेव्हा."

"तू काही बोलली नव्हतीस."

"विचारलं होतंस? वर आलास आणि सूप मागितलंस."

त्यानं करपलेलं पातेलं खाली उतरवलं. मर्डो उगाचच दुसरीकडे बघत आपले पट्टे सोडत राहिला.

"दुपारच्या बुडीला माझं नाव लिही," मी म्हटलं. "आणि उद्याच्याही."

मला वाटलं, आता वाद घालेल. घालू दे, मी तयारच होते. त्यानं नवा कागद घेतला, माझं नाव सगळ्यात वर लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून माझ्यासमोर उभा राहिला.

"कान ठीक?"

"ठणठणीत."

"असं नाही चालणार," तॅम म्हणाला. "नाक धर. फुंकून दाखव."