किल्ली चौकीवर, मी पेटीत

मी एक जुना, कलमं बांधायचा चाकू आहे, मित्रांनो. चाकू म्हटल्याबरोबर दोन पावलं मागे सरलात ना? सरा, सरा. मला सवय झालीय. हल्ली मला बघून सगळेच मागे सरतात. पण माझं एवढं ऐकून घ्या, मग काय पळायचं ते पळा.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. मोडक्या गाडीच्या पाट्याचा तुकडा तापवून, ठोकून, पुन्हा तापवून त्याने मला घडवलं. पातं माझं जेमतेम बोटभर. मूठ लाकडाची, आणि मुठीच्या टोकाला शिंगाचा एक चपटा, बोथट तुकडा. बघणाऱ्याला वाटतं तो शोभेचा आहे. शोभेचा कसला! पात्याने साल चिरायची आणि शिंगाने ती अलगद उचलायची, म्हणजे झाडाला इजा होत नाही. निम्मं अंग धारेचं आणि निम्मं बोथट असा मी आहे, पण हे सांगायला गेलं तर ऐकतं कोण?

मला बनवून घेतलं एका माळ्याने. त्याची मुलगी त्याच्या मागे मागे रोपवाटिकेत फिरायची. बापाने तिला आधी झाडाला हात लावायला शिकवलं, मग मला. पुढे ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तेव्हा बापाने मला तिच्या पदरात टाकलं. तिकडे तिने स्वतःची रोपवाटिका उभी केली, आणि बघता बघता सगळा गाव तिला कलमकाकू म्हणायला लागला.

काकूंचं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. संत्र्याच्या फांदीवर, पानाच्या बगलेत एक बारीकसा फुगवटा असतो. त्याला डोळा म्हणतात. तो सालीसकट काढायचा, रानलिंबाच्या रोपाची साल चिरून तिच्या आत सरकवायचा आणि वरून पट्टीने घट्ट बांधायचं. मुळं रानलिंबाची, फळं संत्र्याची. काप मात्र एका झटक्यात आणि स्वच्छ हवा. साल फाटली किंवा चेंगरली की डोळा धरत नाही, वाळून काळा पडतो. काकूंचा हात असा होता की मलासुद्धा कळायचं नाही मी कधी चाललो आणि कधी थांबलो. लोक लांबून बोलवायचे, कलमं फुटली की फळं आणून द्यायचे, आणि काकू मला पुसता पुसता म्हणायच्या, हात माझा, पण धार याची. असं कौतुक ऐकलं की मला अगदी भरून यायचं.

मग ते बाजारातलं भांडण झालं. दोघांची जुंपली, एकाने दुसऱ्याच्या पोटात सुरी खुपसली. माणूस गेला. त्याची आई रोपवाटिकेवरूनच रडत गेली, ते रडणं मी ऐकलंय. तेव्हा मित्रांनो, मला कुणी असं म्हणू नये की याला माणसाच्या जिवाची किंमत नाही. नियम हवेतच. पण नियम करणाऱ्यांनी एकदम असं काही केलं की मला हात असते तर मी कपाळाला लावले असते.

धार असलेली प्रत्येक गोष्ट हत्यार ठरली. शिंप्याची कात्री हत्यार, सुताराची पटाशी हत्यार, चांभाराची आरी हत्यार. एका आजीबाईंच्या विणायच्या सुया बसमधून उतरवून घेतल्या, म्हणे टोकदार आहेत. दुकानात नव्या सुऱ्या आल्या त्या गोल तोंडाच्या, बिनधारेच्या. टोमॅटो कापायला घेतला तर टोमॅटो बसतो दबून आणि रस उडतो कापणाऱ्याच्या अंगावर. आणि रस्त्यावरच्या विटा, दगड, लोखंडी गज, बाटल्या? त्या तशाच. दगडाला अजून कुणी परवाना विचारलेला नाही. सांगा, आता हसावं की रडावं?

माझ्यासारख्यांना घराबाहेर न्यायचं तर लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, आणि किल्ली दुसऱ्या माणसाजवळ. काकूंनी निमूटपणे तशी पेटी आणली. कामाला जाताना मी काकूंच्या पिशवीत आणि किल्ली काकांच्या खिशात. काका म्हणजे काकूंचे यजमान. बिचारे कलमं बांधत नाहीत की काही नाही, नुसती किल्ली घेऊन गावोगाव हिंडायला लागले. वर म्हणायचे की निवृत्त झाल्यावर इतकं महत्त्वाचं काम मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. त्याची आठवण आली की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

काकूंच्या माहेरी अंगणात संत्र्याचं एक झाड होतं. बापाने लावलेलं. त्याची फळं बिनबियांची. खाणाऱ्याला मजा वाटते, पण झाडाच्या दृष्टीने ते वाईटच, कारण बी नाही म्हणजे नवं झाड फक्त डोळा बांधून होणार, दुसरा मार्ग नाही. आणि गंमत बघा, जगाची झाडं बांधत फिरलेल्या काकूंनी माहेरच्या झाडाचं एकही कलम केलेलं नव्हतं. ते काय, आपलंच आहे, करू पुढच्या वर्षी, असं म्हणता म्हणता राहून गेलं. काकूंच्या धाकट्या भावाने तर त्यासाठी रानलिंबाची रोपंही कुंड्यांत तयार ठेवली होती.

आणि वादळात ते झाड मुळासकट आडवं झालं. खोड मधोमध फाटलं. भावाचा फोन आला, पण रस्ते बंद. रस्ते उघडेपर्यंत भावाने हिरव्या फांद्या हाताने मोडून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. पानं मात्र तशीच ठेवली, हिरवी दिसतात म्हणून. पानंच फांदीतलं पाणी ओढून घेतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार? फोनवर ते ऐकलं तशी काकूंनी पिशवी उचलली. पानं आत्ताच्या आत्ता खुड, मी निघाले, एवढंच म्हणाल्या. बस सुटली तशी मी पेटीत होतो आणि काकूंचा जीव टांगणीला.

वाटेत चौकी लागली. पेट्या तपासायला एक शिपाई बसमध्ये चढला. माणूस वाईट नव्हता, आवाजसुद्धा चढवत नव्हता. पेटी बघितली, कुलूप ओढून बघितलं, मान डोलावली. मग किल्ली कुणाकडे आहे ते विचारलं. काकांनी ऐटीत खिशातून काढून त्याच्या हातात दिली. काका आणि काकू एका घरात राहतात का, हा त्याचा पुढचा प्रश्न. काका म्हणाले, हो, म्हणजे काय! तिथेच घोडं पेंड खायला लागलं. नियम नुकताच बदलला होता. दुसरा माणूस म्हणजे दुसऱ्या घरचा माणूस. एका घरातली दोन माणसं एकच धरायची.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," काका म्हणाले, "आम्ही दोघं एक आहोत असं म्हणणारे तुम्ही पहिलेच."

बस हसली. शिपाईही हसला, पण किल्ली काही त्याने सोडली नाही. बसमधलं दुसरं कुणी ती घेऊन काकूंसोबत जाणार असेल तर त्याची हरकत नव्हती. काकूंनी मागे वळून बघितलं. आत्तापर्यंत हसणारे सगळे एकाएकी खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी शिपायाने आपल्या परीने उपकार केला. पेटी न्या, ती नियमात बसते. किल्ली इथे चौकीत खिळ्याला अडकवतो, परत जाताना घेऊन जा.

ऐकलंत? चाकू कामाच्या ठिकाणी जाणार आणि किल्ली चौकीवर राहणार. आणि हे सगळं अगदी कायदेशीर! माघारी फिरावं तर फांद्या आज गेल्याच. काकूंनी विचार केला, भावाच्या घरी काहीतरी धारेचं मिळेलच. त्यांनी पेटी परत पिशवीत ठेवली. मी आत बसून दात-ओठ खात होतो, म्हणजे असते तर खाल्ले असते.

माहेरी पोचल्यावर काकूंनी गोणपाट उलगडलं. मला पेटीतून दिसत नव्हतं, डोळ्यांनी बघायचं ते सगळं काकांनी नंतर सांगितलं, पण काकूंचा श्वास ऐकून तेव्हाच कळलं. बऱ्याच फांद्या सुरकुतल्या होत्या. एकाच डहाळीवर टपोरे, जिवंत डोळे उरले होते. आणि साल लाकडाला चिकटायला लागली होती. घरी नेऊन बांधू म्हणावं, तर परतीची बस संध्याकाळची, तोवर साल सुटलीच नसती. जे काही करायचं ते आत्ता, इथेच.

मग सुरू झाली शोधाशोध. भावाने आपली हत्यारं कधीच सरकारजमा केली होती, कशाला नसती ब्याद म्हणून. दाढीची पातीसुद्धा घरात नव्हती, तो दाढी ठेवणारा. भावजयीने स्वयंपाकघरातली नवी सुरी आणली, गोल तोंडाची. काकूंनी ती एका वाळल्या फांदीवर चालवून बघितली तर साल चिरण्याऐवजी भरडली. शेजारी विचारलं. शेजारीण दारातूनच म्हणाली, आमच्याकडे असलं काही नाही हो. बोलता बोलता तिच्या स्वयंपाकघरातून कुणीतरी खटखट काहीतरी चिरत असल्याचा आवाज मला अंगणात ऐकू येत होता. पण तिला तरी काय बोल लावायचा? सुरी दुसऱ्याला देणं हासुद्धा गुन्हा झाला होता.

काकांनी दगड उचलला आणि माझ्या पेटीवर घालायला सुरुवात केली. मी आत इकडून तिकडे आदळत होतो. पेटीला पोचे आले, कुलूप जागचं हललं नाही. नियमात बसणारी पेटी होती ती, मजबूत!

शेवटी भावाने काचेचा पेला आणला आणि पायरीवर आपटून फोडला. काकूंनी त्यातला एक लांबट तुकडा निवडला, एका बाजूला फडकं गुंडाळलं आणि कामाला बसल्या. काच कापते, मित्रांनो, का नाही कापणार? पण तिला मूठ नसते, आणि कुठे थांबायचं ते तिला कळत नाही. पहिला डोळा निघाला तो अर्धा. दुसऱ्याला लाकूड चिकटून आलं. तिसरा बरा निघाला, तो सालीत सरकवताना काच सटकली आणि काकूंच्या अंगठ्यात खोलवर गेली.

भावजय ओरडली. आता पुरे, असं काका म्हणाले. काकूंनी अंगठ्याला फडकं आवळलं आणि उरलेले डोळे तसेच बांधले. एवढ्या वर्षांत माझ्याकडून त्यांना कधी ओरखडाही उठला नव्हता. मी हाकेच्या अंतरावर पडून होतो, धार लावलेला, पुसलेला, आणि काही म्हणजे काही करू शकत नव्हतो. इतका हताश मी उभ्या आयुष्यात झालो नव्हतो.

संध्याकाळी परतीची बस चौकीशी थांबली. किल्ली घ्यायला काकू खाली उतरल्या. फडकं लाल होऊन ठिबकत होतं. शिपायाने ते बघितलं आणि तो चटकन उठला. बसवाल्याला थांबायला सांगून त्याने काकूंना खुर्चीवर बसवलं. औषधांचा डबा काढला, जखम धुतली, कापूस ठेवला आणि पट्टी गुंडाळायला लागला. अगदी हळुवारपणे, घरच्या माणसासारखं. पट्टी पुरेशी गुंडाळून झाली आणि त्याचा हात थांबला. भेंडोळं तर अजून लटकत होतं. कापायचं कशाने?

चौकीतली कात्री नव्या नियमाने कपाटात मोहरबंद झाली होती. त्याने पट्टी हाताने फाडायचा प्रयत्न केला, ती जाड होती. दातांनी ओढून बघितली, नाही तुटली. त्याने इकडेतिकडे बघितलं. काका बघत होते, काकू बघत होत्या. मग त्याने खिळ्यावरची किल्ली काढली, स्वतःच्या हाताने पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं. मी पट्टी कापली, एका झटक्यात, स्वच्छ.

त्या दिवशी मी केलेलं काम ते एवढंच.

"झालं?" काकू म्हणाल्या. "आता ठेव बाबा त्याला आत. कुणी बघितलं तर तुझ्यावर यायचं."

शिपायाने मला पुसून आत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली काकांच्या हातात दिली. काका दुसऱ्या घरचे आहेत की नाही, हे त्याने या वेळी विचारलं नाही.

काही आठवड्यांनी भावाचा फोन आला. त्याने पट्ट्या सोडून बघितल्या होत्या. सगळे डोळे काळे पडले होते. काकू म्हणाल्या, "एकसुद्धा नाही का रे?" पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. काकू पदराने डोळे पुसत राहिल्या. बापाच्या हातचं ते शेवटचं झाड होतं, आणि ते संत्रं आता कुणालाच खायला मिळणार नाही. अंगठा बरा झाला, पण पहिल्यासारखा वळत नाही. काकू मला अजून पुसतात, तेल लावतात, पण मला हातात धरून कामाला बसायचं धाडस त्यांना होत नाही.

मित्रांनो, मला लहानांच्या हाती देऊ नका. काम झालं की पुसून जागेवर ठेवा. रागाच्या भरात मला उचलणाऱ्याला खुशाल शिक्षा करा, मी त्याच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. पण उद्या तुमच्यातलं कुणी मोठं होऊन नियम लिहायला बसलं, तर आधी माझ्यासारख्याला घेऊन कुणी काय काम करतं ते जाऊन बघा. मला कुलूप घालायचंच असेल तर घाला, मी आत बसेन. फक्त किल्ली माझ्या माणसाच्या हातात राहू द्या.