शेगडीला छप्पर दाखवायचं नाही

"शेगडीला छप्पर दाखवायचं नाही," असं बॉयलरकाकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि सोडून दिलं.

काका आमच्या समोरच्या दारात राहतात, एकटेच. चाळीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरवर काढली, म्हणून सगळी इमारत त्यांना त्याच नावाने ओळखते. त्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराची नुसती भट्टी व्हायची, म्हणून मी कोळशाची छोटी शेगडी आणून बाल्कनीत ठेवली. ती बघायला ते मुद्दाम आले. विझली तरी घरात घ्यायची नाही, म्हणाले. मी म्हटलं, विझल्यावर काय होणार आहे?

"विझली, हे तिने तुला सांगितलं का?"

मी हसले. सासूबाई तर खूपच हसल्या, कारण घाबरटपणात माझा हात धरणारं कुणी नाही. दीड वर्षाच्या पिटुकलीला मी द्राक्षाचे चार तुकडे करून देते, आंघोळीचं पाणी कोपराने दोनदा बघते. सासूबाई म्हणायच्या, "हिचं चाललं तर पोरीला कापसात गुंडाळून कपाटात ठेवेल." पण धूर नाही तर धोका नाही, हे मी धरूनच चालले होते. रसायनशास्त्राची पदवी आहे माझ्याकडे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कुठला वायू निघतो, यावर परीक्षेत पानभर उत्तर लिहून आले होते.

शेगडीने मात्र आमचा उन्हाळा सोपा केला. सकाळी ऊन चढायच्या आत कोंबडीचे तुकडे लिंबू, लसूण आणि मिरपुडीत मुरत ठेवायचे. दुपारी कोळसा पांढुरका झाला की जाळीवर तेलाचा बोळा फिरवायचा आणि तुकडे टाकायचे. कोळंबी शेवटी. एका बाजूला दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला दोन. अंग वाकवून गुलाबी झाली की उचलायची, नाहीतर रबर. सोबत काकडी, टोमॅटो, पुदिना आणि बर्फात बुडवून कुरकुरीत केलेला कोबी. फोडणी नाही, ओट्याशी तासभर उभं राहणं नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडलं, म्हणे हे काय अर्धं कच्चं, आठवड्याभराने त्याच विचारायला लागल्या, "आज जाळी लावणार ना?"

काकांना रोज एक वाटी जायची. आणि तासाभरात घासूनपुसून परतही यायची. दुसऱ्याचं भांडं घरात राहिलं की त्यांना म्हणे डुलकी लागत नाही. नेमकी पिटुकलीच्या झोपेची वेळ! मी दाराबाहेर चिठ्ठी लावली होती, 'बाळ झोपलंय, बेल वाजवू नये'. खरं सांगायचं तर ती त्यांच्याचसाठी होती.

त्या दुपारी जेवणं झाली, काकांची वाटी गेली. पिटुकलीला नुकते पाय फुटले होते आणि बाल्कनीच्या दाराची कडी सैल होती. शेगडीत वरून नुसती राख दिसत होती, पण लोखंड अजून गरम होतं. माझ्या डोळ्यांपुढे तिचे इवलेसे तळहात आले. ही उठेल आणि तडक तिकडेच जाईल. घरात तिचा हात पोचणार नाही अशी एकच कडी होती, आतल्या खोलीला लागून असलेल्या न्हाणीघराची. मी फडक्याने धरून शेगडी तिथे नेऊन ठेवली, दार लावलं, वरची कडी घातली. आतल्या खोलीत सासूबाई नातीला कुशीत घेऊन आडव्या झाल्या. एसी लावला, खिडक्या बंद केल्या, आणि मी बाहेर येऊन भांड्यांना लागले.

मी दोनदा दार किलकिलं करून पाहिलं. दोघी गाढ झोपल्या होत्या. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार लगेच लावून घेतलं. मनात म्हटलंही, आज किती छान झोपल्या आहेत.

मग दारावर बोटाचं पेर वाजलं, अगदी हलकं. काका वाटी घेऊन उभे होते. चिठ्ठी वाचली होती त्यांनी. कोळंबी झकास होती म्हणाले, आणि बोलता बोलता माझ्या खांद्यावरून त्यांची नजर बाल्कनीकडे गेली.

"शेगडी कुठंय?"

मी मोठ्या हुशारीने सांगितलं. त्यांच्या हातातली वाटी खाली पडली. ज्या माणसाने कधी आतल्या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता, तो चपलांसकट आत गेला. खिडक्या ढकलल्या, पिटुकलीला उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाहेर. जिन्यात. पळ."

तिची मान माझ्या दंडावर लोंबत होती. मागून काकांनी सासूबाईंना काखेत धरून आणलं. त्या जड जिभेने म्हणत होत्या, दोन मिनिटं पडू दे गं. जिन्यात वारं होतं. मी तिला हाका मारत राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग ती कण्हली, माझ्या खांद्यावर ओकली आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाल्या, राखेखालच्या निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड, ना रंग ना वास, न्हाणीघराच्या दाराच्या फटीतून खोलीत भरला असणार; अजून अर्धा तास गेला असता तर... वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. संध्याकाळी सासूबाईंचं डोकं ठणकत होतं, तरी त्यांनी माझा हात सोडला नाही. मी रडत होते, चूक माझीच म्हणत होते. त्या म्हणाल्या, "तू भाजण्यापासून वाचवायला गेलीस. आता पुरे." त्यानंतर आजवर त्यांनी तो विषय टोमण्यालासुद्धा काढलेला नाही. त्यांच्या स्वभावाला हे किती जड गेलं असेल, ते मलाच माहीत.

काकांचे आभार मानायला गेले तर ते टवका उडालेल्या वाटीबद्दल दिलगिरी व्यक्त करत बसले. ती वाटी मी जपून ठेवली आहे. त्यांना त्याच वाटीत पाठवते. चिठ्ठी त्याच रात्री काढून टाकली. जाळी अजून लागते. नंतर कोळशावर पाणी ओतते, ढवळते, पुन्हा ओतते, आणि शेगडी तिथेच, आभाळाखाली राहते. बाल्कनीच्या दाराला वर नवी कडी बसवली आहे.

परवा वाटी गेली आणि तासाभरात आली नाही. सव्वा तास झाला. मी पिटुकलीला सासूबाईंकडे दिलं आणि पलीकडची बेल दाबली, धरूनच ठेवली. काकांनी डोळे चोळत दार उघडलं. वाटी न घासता डुलकी लागली होती, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

"आहे मी, सूनबाई," ते म्हणाले. "झोपू तरी दे."

मी ओशाळून परत आले, पण पुढच्या वेळीही जाणारच. तुमच्या दारीही अशी एखादी ठरलेली वाटी, ठरलेली हाक, ठरलेली पावलं येत असतील. एखाद्या दुपारी ती आली नाहीत, तर झोपमोड होईल म्हणून थांबू नका. पायात चपला सरकवा आणि एवढं बघून या.