टाकीच्या बाजूला दोन साड्या

आमच्या दारातल्या मीटरवर आता दोन आकडे दिसतात. एक बाहेरून आत आलेल्या विजेचा, दुसरा गच्चीवरच्या सोलरमधून बाहेर गेलेल्या विजेचा. आतला आकडा मुंगीसारखा सरकतो आणि बाहेरचा नुसता धावतो. मी एकटी बाई. एक पंखा, एक फ्रिज, संध्याकाळी दोन दिवे आणि टीव्ही, तोही घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. मी किती वीज खाणार? मीटर बसवायला आलेल्या साहेबांना मी विचारलं, बाकीची वीज जाते तरी कुठं? ते म्हणाले, लांब नाही जात काकू, खांबावरून आधी शेजारच्याच घरात शिरते.

शेजारी रत्ना राहते. म्हणजे माझी वीज आता दिवसभर तिच्या घरात जाणार होती, आणि माझा पाय तिच्या उंबऱ्याला लागून महिना होत आला होता. साहेबांना काय सांगणार हे? मी त्यांना चहा दिला आणि सही केली.

धरणगावात आमच्या गल्लीत माझी गच्ची सगळ्यांत मोठी. आमचे हे एसटीतून निवृत्त झाले तेव्हा आलेल्या पैशांतून त्यांनी स्लॅब टाकला. चार वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा भूपेंद्र पुण्याला. घरात माणूस म्हणजे मी, कुंदाबाई, आणि आरशातली कुंदाबाई. पण शिवरात्र उलटली की माझ्या जिन्यावर पायांचा नुसता धबधबा. बठ्ठी म्हणजे सगळी गल्ली ज्वारीचे पापड, आमचे बिबडे, करायला माझ्या गच्चीवर यायची. तीन दिवस भिजवलेली ज्वारी, तिचा तिखट-लसूण-तीळ घातलेला घाटा, भलं मोठं पातेलं, विटांची चूल. ओल्या साड्या अंथरायच्या आणि गरम घाटा हातानं थापत जायचं, हात भाजले की फुंकायचे आणि पुन्हा थापायचं. आज रत्नाचे, उद्या जमीलाचे, परवा ताईबाईचे, मग माझे. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हे चालायचं. वर्षभर मला कुणी विचारलं नाही तरी चालेल, त्या दिवसांवर मी वर्ष काढायची.

यंदा माघात भूपेंद्रनं सोलर बसवायचं ठरवलं. मला विचारलं म्हणायचं एवढंच, कारण ऑर्डर आधीच देऊन झाली होती. समाधान नावाचा बसवणारा आला, तीन किलोवॅट, सहा पॅनल. गच्ची भरून गेली. पॅनल बसले पण सुरू करायचे नव्हते, नेट मीटर यायचं होतं. त्यासाठी तपासणी व्हायची होती. समाधान जाता जाता सांगून गेला की काकू, काचेला तडा गेला तर तपासणीत नापास होईल, वर कुणाला जाऊ देऊ नका. भूपेंद्रनंही फोनवर तेच दोनदा ऐकवलं. माझ्या डोक्यात ते भूत बसलं. दिवसातून चार वेळा मी वर जाऊन काचा बघून यायची.

अशात एका सकाळी रत्ना आली. बगलेत धुतलेल्या साड्या, मागे जमीला. जिना चढून वर आल्यासुद्धा. रत्ना गच्ची बघून म्हणाली की टाकीच्या बाजूला दोन साड्या मावतील अक्का, भागवून घेऊ, थोडे थोडे करू. किती सरळ बोलली होती पोरगी! आणि मी काय म्हणाले?

"खाली उतरा आधी. काच फुटली तर कोण भरून देणार? तुझा नवरा?"

रत्नाचा नवरा सुकदेव दिवाळीपासून घरी बसलेला. तो ज्या कापसाच्या जिनिंगवर होता ती बंद पडली. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तोंडातून गेलं ते गेलं. रत्नानं बगलेतल्या साड्या नीट केल्या आणि उतरली. जमीलानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि तीही उतरली.

तपासणी झाली, मीटर लागलं, पॅनल सुरू झाले. भूपेंद्र खूश. त्याच्या मोबाईलमध्ये पुण्यात बसून त्याला दिसतं की आईच्या गच्चीवर आज किती वीज झाली. आणि तिकडे रत्नाच्या गच्चीवर बिबडे कधीच सुरू झाले होते. तिची गच्ची केवढी, तर माझ्या न्हाणीएवढी. दोन खाटा उभ्या-आडव्या करून, कठड्यावर साड्या टाकून त्यांचं चाललेलं मला खालूनच ऐकू यायचं. ताईबाईचं खोकणं, जमीलाचं हसणं, पातेल्यात लाकडी दांडा फिरवल्याचा आवाज. जिच्या घरचे बिबडे, ती आदल्या संध्याकाळी दारोदार सांगून जाते, आमची पद्धतच तशी. त्या दिवसांत मी संध्याकाळी ओट्यावरच बसून राहायची. समोरच्या दारात सांगणं यायचं, पलीकडच्या दारात यायचं. माझ्या दारावरून चपला तशाच पुढे जायच्या.

मी मनाशी म्हटलं, बरोबर आहे, माझ्याकडे जागाच उरली नाही, तर येतील कशाला. सगळा राग त्या काचांवर काढला. समाधानला फोन केला, टाकीजवळचे दोन पॅनल काढून दे. तो म्हणाला, "काकू, लोक वाढवायला बोलावतात, काढायला नाही." मग त्यानं कागदांचं सांगितलं, मंजुरी सहाची आहे, पुन्हा लावायचे तर पुन्हा फेरी होईल. म्हटलं होऊ दे. तो डोकं खाजवत आला, दोन पॅनल उतरवले आणि गोधडीत गुंडाळून बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले. पाहुणे आल्यासारखे दोघं तिथं उभे.

समाधान गल्लीच्या तोंडाशी पोचला नसेल, तोच भूपेंद्रचा फोन. रविवार सोडून कधी फोन न करणारा माझा मुलगा, बुधवारी, भर दुपारी. आई, वीज कमी का दिसतेय, काय बिघडलं? मी सांगितलं, दोन काढले, बिबड्यांना जागा हवी. तो चिडलाच. म्हणाला, तुला हवे तेवढे बिबडे विकत घेऊन पाठवतो, पण हा काय खुळेपणा.

"दोन काचा बंद पडल्या तर दहा मिनिटांत कळलं तुला," मी म्हणाले. "मी बंद पडले तर दिसेल का रे त्या मोबाईलमध्ये?"

तो म्हणाला, असं काय बोलतेस आई. मी फोन ठेवला. तेही बोलायला नको होतं. पण माझं तोंड असंच आहे, आधी चालतं आणि मी मागून पोचते.

मी गच्ची धुतली. टाकीपासून कठड्यापर्यंत चांगली मोकळी जागा झाली होती, चार साड्या सहज मावतील एवढी. जिन्याचं दार उघडं टाकलं. खाली ओट्यावर बसले. एक दिवस गेला, दुसरा गेला. कुणी वर बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी चक्कीवर जमीला भेटली. मी तिला ऐकू जाईल असं चक्कीवाल्याला सांगितलं की माझी गच्ची आता मोकळी आहे, दोन पॅनल काढून टाकले. जमीलानं पिठाचा डबा खाली ठेवला.

"अक्का, जागेचं नव्हतंच ते," ती म्हणाली. "जागा तर टाकीजवळ त्या दिवशीपण होती. तुम्ही सुकदेवभाऊंचं नाव काढलं. रत्ना घरी जाऊन रडली. नवऱ्याला सांगितलंपण नाही तिनं."

चक्कीत पीठ उडत होतं, म्हणून माझा चेहरा कुणाला नीट दिसला नाही. घरी आले आणि बैठकीत त्या दोन पॅनलसमोर बसले. म्हणजे काढायची होती माझी जीभ, आणि मी काढले पॅनल. लाज वाटली. फार लाज वाटली. त्याच पावली जाऊन माफी मागायला हवी होती, हे मलाही कळतं. पण या वयात शेजारणीच्या दारात जाऊन मान खाली घालायची म्हणजे पाय उचलत नाहीत हो. मी दुसरंच केलं. ज्वारी भिजत घातली. म्हटलं, कुणी नाही तर नाही, मी एकटी करीन.

केले. अर्ध्या पायलीचे केले. घाटा एकटीनं हाटला, दंड भरून आले. दोन साड्या ओल्या करून अंथरल्या, एकटीनं थापले. कुणी बोलायला नाही, कुणी चव बघून तिखट कमी म्हणायला नाही. मीच चव घेतली आणि मीच मान डोलावली. बाजूला चार पॅनल उन्हात तापत होते. रत्नाच्या गच्चीवर त्या दिवशी कुणी नव्हतं. त्यांचं बहुतेक संपलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिबडे कडक वाळले. आता काढायचे. आणि तिथं माझं डोकं ठिकाणावर आलं. बिबडे काढायला साडी उलटी करावी लागते. एकीनं हे टोक धरायचं, दुसरीनं ते, आणि एका दमात पालटायची. मग मागून पाणी शिंपडायचं, कापड भिजलं की बिबडा अलगद सुटतो. एकटीनं पालटायला गेलं की साडी मधेच दुमडते आणि बिबडे तडकतात. चाळीस वर्षं केलेलं काम, आणि ज्वारी भिजवताना ही साधी गोष्ट मला आठवली नाही. कारण दुसरं टोक धरायला माझ्याकडे कधी कुणी नव्हतं, असं झालंच नव्हतं.

तरी करून बघितलं. तीन बिबडे कडाकडा मोडले. मी साडीचं टोक हातात घेऊन तशीच उन्हात उभी राहिले.

शेजारच्या गच्चीवर दार वाजलं. रत्ना वाळलेले कपडे काढायला आली होती. तिनं मला बघितलं, साडी बघितली, मोडलेले तुकडे बघितले. दोरीवरचे कपडे काढत राहिली. शेवटचा शर्ट काढून झाला आणि ती वळली. आता गेली तर गेली, हे मला समजलं.

"रत्ना," मी हाक मारली. "मनं चुकनं वं. सुकदेवचं नाव काढायला नको होतं मी. हे टोक धरायला ये ना."

ती पाठमोरीच उभी राहिली. मग कपडे घेऊन खाली गेली.

मी वाट बघत राहिले. टोक खाली ठेवायचं सुचलं नाही. खालून कुणाची तरी मोटरसायकल गेली. बराच वेळ काहीच नाही. आणि मग माझ्या जिन्यावर पावलं वाजली. ती पावलं मी झोपेतही ओळखीन, डावा पाय जरा घासत टाकते ती.

रत्ना वर आली. माझ्याकडे न बघता पदर खोचला आणि पलीकडचं टोक उचललं. मी "हं" म्हटलं आणि दोघींनी साडी एका दमात पालटली. एकही बिबडा मोडला नाही. तिनं तांब्यातून पाणी शिंपडलं, कापड भिजू दिलं आणि एक एक बिबडा सोडवत गेली. मी तिच्या समोर बसून सोडवत होते. पहिली साडी झाली, दुसरी झाली. ती उठली, हात झटकले, पॅनलच्या कडेकडेनं जिन्याकडे गेली. दारात थांबली.

"काच फुटली तर मी भरून देणार नाही हां, अक्का," ती म्हणाली. "ताईबाईचे राहिलेत अजून. उद्या सकाळी आम्ही चूल इथं आणतो."

ती हसली नाही. मी मात्र तिथंच, ओल्या साडीवर बसून रडले.