घरची रुई कुठे गेली?

मित्रांनो, मी रुई पिंजायची एक जुनी मशीन आहे. मलकापुरात, रेल्वे स्टेशनच्या अलीकडे, रहेमतुल्लाभाईंच्या गादी कारखान्यात राहते. आधीच सांगून ठेवते, माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. रुईतून काडी निघते, खडा निघतो, एकदा तर कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण निघालं. जिच्या तोंडात जन्मभर असल्या वस्तू येतात, ती संशयी होणार नाही तर काय होणार?

एका लोहाराने माझे दात ठोकले आणि एका सुताराने माझी पेटी घडवली. रहेमतुल्लाभाईंनी मला हातगाडीवरून आणलं, तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. त्यांच्या वडिलांची रुई पिंजायची धनुकली खुंटीवर होती. नव्या सुनेकडे सासूने पाहावं तशी ती माझ्याकडे पाहत राहिली. पण मी कामाला वाघीण निघाले. भाई रोज सकाळी मला तेल देत, माझा पट्टा तपासत. दसऱ्याला कामगार झेंडूची माळ घालत. "रहेमतभाईंच्या मशीनची रुई म्हणजे साय," असं लोक म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आमच्या कारखान्याची एक रीत होती. शेतकऱ्याघरच्या लेकीचं लग्न ठरलं, की काही जण घरच्या कापसाची रुई घेऊन येत. गादी त्याच रुईची भरायची, दुसरी धाग्याइतकीही मिसळायची नाही. ती रुई भाई वेगळ्या फळीवर ठेवत आणि तिला 'अमानत', म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, म्हणत. पिंजायच्या दिवशी ती मुलगी स्वतः यायची आणि पहिली मूठ माझ्यात टाकायची.

मग भाईंच्या मुलाने, अरसलानने, कॉम्प्युटर आणला. गिऱ्हाइकाची ऑर्डर त्यात टाकली, की कारखान्याचं काम आपोआप निघायचं. कोणती गादी आधी, तिला रुई कोणत्या गाठोड्यातली, सगळं तोच सांगायचा. ज्याने जन्मात रुईला बोट लावलं नाही, तो मला शिकवणार! मला तो पहिल्या दिवसापासून खटकला. रात्रंदिवस डोळा उघडा ठेवून बसणाऱ्याच्या पोटात नक्की काहीतरी काळंबेरं असतं, असं माझं मत होतं. त्यात सगळे त्याच्याभोवती गोळा व्हायचे, त्याच्यावर झाकण घालायचे. मला तेल द्यायची मात्र कुणाला आठवण राहत नसे.

एके दिवशी देऊळघाटहून सोजराबाई आपल्या मुलीला, प्रतीक्षाला घेऊन आल्या. बाईंच्या स्वतःच्या लग्नातल्या गादीची रुई मीच पिंजलेली. आता प्रतीक्षाचं लग्न ठरलं होतं. वडील गेल्यावर तिने बांधाकडच्या दोन सऱ्या स्वतः लावल्या, स्वतः निंदल्या, स्वतः वेचल्या. त्या कापसाची रुई तिने पोटाशी धरून आणली होती.

"भाई, पोरीनं लय जीव लावला याले," सोजराबाई म्हणाल्या. "सासरी न्यायले तिच्याजवळ दुसरं काई नाई."

"अमानत हाये, बाई," भाई म्हणाले. "पोरगी पहिली मूठ टाकीन, मंगच मशीन चालू करू."

दुसऱ्या दिवशी भाई नातेवाइकांच्या लग्नाला जानेफळला गेले. अरसलान आलेला सगळा माल कॉम्प्युटरमध्ये चढवत होता. प्रतीक्षाचं गाठोडंही त्याने चढवलं. नुसतं 'रुई' म्हणून. कुणाची, ते लिहिलंच नाही. तेव्हाच हायवेवरच्या एका लॉजची गाद्यांची घाईची ऑर्डर आत बसली होती. कॉम्प्युटरने पाहिलं, ऑर्डर आहे, रुई आहे, आणि दोघांची गाठ मारून टाकली.

कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून कामगारांनी ते गाठोडं फळीवरून काढून माझ्यापुढे सोडलं. पहिल्याच घासाला मी दचकले. काडी नाही, पाचोळा नाही, बोंडाबोंडातून निवडून वेचलेली रुई. ही लॉजची नाही, हे मला कळलं. पण मला कुठे बोलता येतं? मी पट्टा पाडला. त्यांनी परत चढवला. मी पुन्हा पाडला.

"म्हातारी झाली हे मशीन," अरसलान वैतागला. "अब्बाले सांगतो, नवी घेऊ."

शेवटी मला ती रुई पिंजावीच लागली.

ठरल्या दिवशी मायलेकी आल्या. भाईंनी फळीकडे हात नेला आणि फळी रिकामी. त्यांचा चेहराच उतरला. प्रतीक्षा त्या फळीकडे पाहत राहिली. मला तर रडूच आलं असतं.

"तुमच्यावर भरोसा ठेवून गेलती मी, भाई," सोजराबाई म्हणाल्या.

अरसलान धावत कॉम्प्युटरशी गेला. चोराकडेच चोरीचा तपास, असं मी मनात म्हटलं. थोड्या वेळाने तो मान खाली घालून आला. "अब्बा, चूक माझी हाये. मी नाव टाकलंच नाई. पण ती रुई कोणत्या गादीत गेली, ते यात दिसून राह्यलं. गादीवर नंबर शिवला हाये." त्याने मोटारसायकल काढली, लॉजवाल्याला दुसरी गादी दिली आणि ती गादी उचलून आणली.

"हेच कायच्यावरून?" सोजराबाईंनी विचारलं. "अन् असली तरी, परक्या मानसाच्या अंगाखालची रुई मी पोरीले कशी देऊ?"

बाईंचा संशय मला अगदी पटला. मुलाने कातडी वाचवायला हाती लागेल ती गादी आणली नसेल कशावरून?

तेवढ्यात प्रतीक्षा पुढे झाली. तिने गादीची शिवण स्वतः उसवली. "आई, धुतलेलं पातळ आपण फेकतो का? पिंजली का रुई कोरीच. चाचा, मशीन लावा." आणि तिने पहिली मूठ माझ्यात टाकली.

मित्रांनो, मी दात मिटले आणि ओळखलं. तीच रुई होती. कॉम्प्युटर एका अक्षरानेही खोटं बोलला नव्हता. ही गोष्ट त्या खोलीत फक्त मला पक्की ठाऊक होती. मी पट्टा पाडला नाही, कुरकुरले नाही, जन्मात पिंजली नसेल इतकी मऊ पिंजली. रुई ढिगावर पडू लागली, तशी सोजराबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि त्याही लेकीशेजारी बसून मुठी टाकू लागल्या.

आता कॉम्प्युटरमध्ये अमानतीसाठी वेगळी जागा आहे. तिथे मालकिणीचं नाव टाकल्याशिवाय गाठोडं पुढे सरकत नाही, आणि एकीची रुई दुसरीच्या ऑर्डरला लागत नाही. माझा संशय पूर्ण गेला असं समजू नका. पण त्याच्यावर चोरीचा आळ मी घेत नाही. तोही माझ्यासारखाच. जे पुढे टाकाल ते मुकाट्याने गिळतो, आणि काय गेलं ते शेवटी ज्याचं गेलं त्यालाच कळतं. म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. आम्हाला वेळेवर तेल द्या, पुसा, झाका, ते तर कराच. पण आमच्या तोंडात काही टाकण्याआधी 'हे कुणाचं आहे?' एवढं विचारत जा. ते विचारणं आमच्याने होत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं.