पत्ताकोबीले दम देल्ला तो दिवस

मी म्हातारी पावशी बोलून राह्यली, मित्रांनो. पुण्याकडे मले विळी म्हणतात म्हणे. म्हणोत. पातं झिजलं, पाट चिरला, अंगात जीव नाई. तरी आयकायले बसले तं सांगते.

मूल गावच्या पत्रू लोहारानं ट्रकच्या तुटक्या लोखंडी पाट्यातून मले घडवलं अन् सागाच्या पाटावर ठोकलं. नवाबभाई मले घरी घेऊन आला, कारण त्याची बायको अमिनाबाई शादी-ब्याहाचे जेवणं रांधे. बोऱ्याच्या बोऱ्या कांदे आम्ही दोघींनी चिरले. अमिनाबाई पाटावर पाय दाबून बसे अन् डोळ्यातलं पाणी बाहीनं पुसे. लोक बिर्याणीची तारीफ करत. पावशीची कोण करते? अमिनाबाईचीही कोणी फार केली नाई. "मीठ बराबर आहे" म्हटलं का झालं.

सालं गेले. तिचे गुडघे गेले, मनगटं सुजले. पाटावरून उठताना रोज "या अल्लाह" म्हणे, पण चूल सोडे नाई. आराम तं पाहिजे होता, भरोसा कोणावर ठेवावा ते उमजे नाई.

मंग पोरगा अनसची बायको आली, नाजिया, वरोऱ्याची. तवा आमच्या मूल गावातही चायनीजच्या गाड्या लागल्या होत्या. एक दिवस नाजिया म्हणते, "अम्मी, आज तुम्ही बसा. टीव्हीत पाह्यलेलं चिकन सलाद करते. कुरकुरीत."

"कुरकुरीत खायले घरात चिवडा आहे," अमिनाबाई म्हणाली. पण शेजारच्या गुणाबाईले जेवायले बोलावलं अन् हळूच सांगतलं, "आज जमलं तं चूल हिच्या हाती. नाई तं मरेपर्यंत मीच."

नाजिया माह्यावर बसली. पत्ताकोबी अशी चिरली का सुतासारखी. गाजर, कांद्याची पात, हिरवा सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. चिकन उकडून पिंजलं, नूडल्स तळल्या, शेंगदाणे अन् तीळ भाजले. सारं भगोन्यात ठेवलं. सोया सॉस, लिंबू अन् गुळाचं पाणी वाटीत अलग, खाताना वरून टाकायले. मंग नाजिया नमाजले गेली.

अमिनाबाईनं डोकावून पाह्यलं. मुर्ग, अन् झाकण नाई? दम देल्ल्याबिगर मुर्ग तिनं जन्मात वाढला नव्हता. वाटी भगोन्यात ओतली, झाकण ठेवलं, कडेनं कणीक लावली, खाली मंद आच अन् वर निखारे. बिचारी मदतच करत होती.

जेवायले बसले, झाकण उघडलं, तं वाफ. पत्ताकोबी लोळली होती, नूडल्स गांडुळासारख्या झाल्या होत्या.

"बाई वं," गुणाबाई म्हणाली, "याले चावाव का प्याव?"

नाजियाचं तोंड उतरलं. झाकणाची कणीक तिले दिसत होती. तरी म्हणाली, "माह्यानं चुकलं असन."

अमिनाबाईनं झाकण आपल्याकडे ओढलं. मंग म्हणाली, "तुह्यानं नाई. दम मी देल्ला."

"घ्या," गुणाबाई म्हणाली. "हिनं सलादलेही सोडलं नाई. चूल तं काय सोडते."

अमिनाबाईनं उरलेली अर्धी पत्ताकोबी उचलली अन् माह्याकडे आली. वाकली, पण गुडघा मुडेच ना. भिंतीले हात लावून तशीच उभी राह्यली. नाजियानं कोपराले धरून तिले बाजेवर बसवलं, पत्ताकोबी हातातून काढून घेतली अन् माह्या पाटावर पाय ठेवला.

"अम्मी, मीठ किती टाकू?"

अमिनाबाईनं पाय बाजेवर वर घेतले.

"तुह्या मनानं टाक," म्हणाली.

या वेळी पाणी ताटातच ओतलं. बाजेवरून कुरूमकुरूम आवाज आला, तो मी इथी खाली आयकला. माह्या देखत अमिनाबाई पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचं बसून खात होती. खाता खाताच तिले झोप लागली. झोप मोडन म्हणून मांडीवरचं ताट कोणी हलवलं नाई.

आता घरात मिक्सर आहे, मी दाराच्या मागं खुटीवर. तक्रार नाई, पोट्टेहो. एवढंच करा. पावशी धुतली का पुसून ठेवा, ओली टाकू नका, जंग चढते. अन् तुमच्या घरी चुलीजवळ कोणी थकलं असन, तं त्याले हात धरून बाजेवर बसवा. थकलेलं माणूस चुलीपासून आपणहून उठत नाई. मी पाह्यलं आहे.